आधी हवा अडवा, रंगाचं नंतर बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९७० च्या दशकातली यामाहा डीटी १७५ ही टू-स्ट्रोक मोटरसायकल हाती आली आहे, पंधराएक वर्षं शेडमध्ये उभी होती, किक मारली तर इंजिन फिरतं, टाकीत गंज आहे. सांगाडा पावडर कोटिंगला द्यायचा, तोवर कार्ब्युरेटर साफ करून, नवा प्लग लावून गाडी सुरू होते का बघायचं, असा बेत आहे. सुरुवात कुठून करू?

सुरुवात किक मारणं थांबवण्यापासून करा.

इंजिन फिरतंय ही चांगलीच बातमी आहे, पण टू-स्ट्रोकच्या क्रँकखाली (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याखाली) ऑइलचा साठा नसतो. पेट्रोलबरोबर जे ऑइल येतं तेवढ्यावरच मेन बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडचं मोठं टोक जगतं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की तो पातळ थर सुकतो, हवेतली ओल क्रँककेसच्या तळाशी साचते आणि बेअरिंगचा खालचा भाग गंजतो. मी उघडलेल्या अनेक केसमध्ये, पाणी जिथवर चढलं होतं तिथवरची रेघ क्रँकच्या चकतीवर स्पष्ट दिसत होती. अशा इंजिनाला किक मारत राहिलं की गंजाचे कण रोलरखाली भरडले जातात. जो क्रँक कदाचित वाचला असता तो आपणच संपवतो. प्लग काढा, भोकातून चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोडा आणि फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवा. कुठे खरखर जाणवते का, एवढंच आज बघायचं.

गाडी खोलण्याआधी दोन कामं करा. भरपूर फोटो काढा, विशेषतः वायरिंग आणि केबल कुठून कशा फिरवल्या आहेत त्याचे. आणि त्या वर्षाच्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल व पार्ट्स कॅटलॉग मिळवा. डीटी नावाखाली यामाहाने बरीच वर्षं बरंच काही विकलं. सुरुवातीच्या गाड्यांना मागे दोन शॉक होते, नंतर मोनोशॉक आला; इग्निशनला कुठे पॉइंट्स (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क), कुठे सीडीआय (त्याची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती). भागांचे नंबर जुळले नाहीत तर पैसा आणि वेळ दोन्ही जातात. गायब भागांची यादी आत्ताच करा. इंजिनाचे भाग बहुतेक मिळतात, पण साइड कव्हर, एअर बॉक्स आणि साखळीच्या गार्डसाठी माणूस वर्षभर वणवण करतो.

आता मुख्य गोष्ट. चार-स्ट्रोकवर हात बसलेले लोक इथे हमखास फसतात. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस ही नुसती पेटी नसते, तो पंप असतो. पिस्टन वर जाताना केसमध्ये मिश्रण ओढलं जातं, खाली येताना तेच दाबून ट्रान्सफर पोर्टमधून सिलेंडरमध्ये ढकललं जातं. त्यामुळे केस हवाबंद नसेल तर कार्ब्युरेटरने मोजून दिलेल्या मिश्रणात बाहेरची, न मोजलेली हवा मिसळते. मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि एक दिवस चालत्या गाडीचं मागचं चाक लॉक होतं. हवा आत शिरायच्या जागा ठरलेल्या आहेत: क्रँकची दोन सील, सिलेंडरखालचं पॅकिंग, केसचा जोड आणि इनटेकचं रबर.

दोन्ही सीलांची लक्षणं वेगळी असतात. मॅग्नेटोच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, बाजूचं सील कोरडं चालतं. ते गेलं की हवा ओढली जाते, थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचे फेरे पटकन उतरत नाहीत, आयडलिंग वर-खाली होतं. क्लचच्या बाजूचं सील गिअर ऑइलमध्ये चालतं; ते गेलं की इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल पिऊ लागतं, पांढरा दाट धूर थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी गुपचूप खाली जाते.

माझ्या पहिल्या २५० सीसी गाडीचं आयडलिंग असंच वर-खाली होत होतं. मी दोन आठवडे कार्ब्युरेटरच्या मागे लागलो. पायलट जेट बदलला, नीडलची क्लिप वर-खाली केली, मेन जेट वाढवला. दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला. तिसऱ्या रविवारी चढावर पिस्टन जाम झाला. इंजिन उघडलं तर मॅग्नेटोकडच्या सीलची ओठासारखी कड बिस्किटासारखी कडक झालेली, नख लावलं तर तुकडा पडला. तेव्हापासून प्रेशर टेस्ट केल्याशिवाय एकही इंजिन मी सुरू केलेलं नाही.

ही टेस्ट घरी सहज होते. कार्ब्युरेटर काढून इनटेकच्या रबरात घट्ट बूच बसवा. रबर जागेवरच राहू द्या, कारण चिरा पडलेल्या असतात त्या त्यालाच. एक्झॉस्ट पोर्टवर जाड रबरी तुकडा आणि लोखंडी पट्टी आवळा. ऑइल पंपाची इंजिनात येणारी नळी बंद करा. पिस्टन सर्वांत खाली आणा, म्हणजे सिलेंडर आणि केस एकमेकांना जोडलेले राहतात. जुन्या प्लगमधली चिनीमाती काढून त्यात नळी बसवली की हवा भरायची सोय झाली. दाबासाठी मी रक्तदाब मोजायचं काट्याचं यंत्र वापरतो. त्याचा काटा ३०० मिमी पाऱ्यापर्यंत जातो, म्हणजे साधारण ०.४ बार, आणि आपल्याला हवा असतो तो तेवढाच दाब. कंप्रेसर लावू नका, सील जागेवरून उडेल. दाब भरून सहा मिनिटं थांबा. काटा जवळपास हलता कामा नये. मिनिटाला ५० मिमीच्या आसपास किंवा जास्त उतरत असेल तर गळती शोधायलाच हवी. साबणाचं पाणी फासा, बुडबुडे जागा दाखवतात. मॅग्नेटोकडचं सील फ्लायव्हील काढल्यावर दिसतं. क्लचकडचं दिसत नाही, म्हणून गिअरबॉक्सची हवा जिथून सुटते त्या ब्रीदरच्या नळीवर साबणाचा पडदा धरा. तो फुगला तर निदान झालं. जमलं तर हीच टेस्ट उलटी, हवा ओढूनही करा. काही सील दाबाला टिकतात आणि ओढीला हवा सोडतात.

तुमच्या गाडीत मात्र टेस्टची वाट न बघता दोन्ही सील बदलाच. इतकी वर्षं पडून राहिलेलं रबर कडक होतंच, आणि हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ते अजूनच लवकर जातं. मिळाली तर व्हायटॉनची (पेट्रोलला टिकणाऱ्या कृत्रिम रबराची) सील घ्या. टेस्ट करायची ती सगळं नव्याने जोडल्यावर. मॅग्नेटोकडचं सील बहुतेक गाड्यांत बाहेरून बदलता येतं. क्लचकडचं काही गाड्यांत केस उघडल्याशिवाय निघत नाही. उघडावीच लागली तर मेन बेअरिंगही त्याच वेळी नवी घाला.

खोलताना दोन अवजारांवर कंजुषी करू नका. पहिलं, जपानी स्क्रूंसाठीचे जेआयएस स्क्रू ड्रायव्हर. हे स्क्रू दिसायला साध्या फिलिप्ससारखे, पण खाच वेगळी असते, आणि साधा ड्रायव्हर त्यातून निसटून डोकं गोल करतो. पन्नास वर्षांपूर्वीचे साइड कव्हरचे स्क्रू तर हातोडी मारायच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरशिवाय हलतच नाहीत. दुसरं, फ्लायव्हीलचा पुलर. बऱ्याच जपानी सिंगल-सिलेंडर गाड्यांत पुलरचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावला की फ्लायव्हीलचे आटेच जातात. क्रँकच्या टोकावर हातोडी तर कधीच मारू नका. प्रेसने जोडलेला क्रँक त्या एका फटक्याने वाकडा होतो. केसच्या दोन अर्ध्यांमध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून पाचर मारणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही. जी चरी पडते तिथूनच पुढे हवा शिरते.

सिलेंडर उतरवला की रॉड तपासा. पिस्टन वरच्या टोकाला आणून रॉड सरळ वर-खाली ओढा. किंचितही टकटक जाणवली तर मोठं टोक गेलं. वरचं टोक आडवं थोडं डोलतं, ते चालतं. यामाहाच्या पुस्तकांत नव्या क्रँकला ०.८ ते १.० मिमी आणि कमाल २ मिमी असं माप दिलेलं असतं. नवा रॉड, पिन आणि बेअरिंग बसवायचं काम घरी करू नका. प्रेस मिळतो, पण नंतर दोन चकत्या एका रेषेत आणायची कला वेगळी आहे. टोकाशी डायल गेज लावल्यावर काटा ०.०३ मिमीच्या आत राहायला हवा. हे ज्याला जमतं त्याच्याकडेच द्या.

बोअरला ओतीव लोखंडाचा लायनर असेल तर रिबोअर होतो. नंतरच्या अनेक एंड्युरोंमध्ये (कच्च्या वाटांसाठीच्या गाड्यांत) निकासिलसारखा कठीण धातूचा लेप असतो, तिथे रिबोअर नाही, पुन्हा लेप द्यावा लागतो. रिबोअरचा एकच नियम पाळा: पिस्टन आधी, बोअर नंतर. हातात असलेला पिस्टन स्कर्टच्या खालच्या कडेपासून थोडं वर, पिनच्या काटकोनात मोजायचा आणि बोअर त्याच्याशी जुळवायचा. ओतीव पिस्टनला ०.०४ ते ०.०५ मिमी फट साधारण योग्य असते. फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, त्याला जास्त द्यावी लागते. पिस्टनच्या खोक्यावर आकडा लिहिलेला असतो, तो पाळा. रिंग बोअरमध्ये सरळ सरकवून तोंडाची फट फीलर गेजने बघा. ६६ मिमीच्या बोअरला ०.२ ते ०.४ मिमी ठीक.

चार-स्ट्रोकची कामं करणारा टर्नर एक गोष्ट हमखास विसरतो. रिबोअर झाल्यावर पोर्टच्या कडा वस्तऱ्यासारख्या धारदार होतात. त्या बारीक घासून गोल केल्या नाहीत तर रिंग त्यात अडकते, तुटते आणि सिलेंडर, पिस्टन, हेड तिन्ही घेऊन जाते. सिलेंडर घरी आणल्यावर प्रत्येक पोर्टवरून बोट फिरवा. बोचलं की परत द्या. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगांची तोंडं खोबणीतल्या खिळ्यांवर, सर्क्लिप नेहमी नव्या. सर्क्लिप बसवताना केसच्या तोंडात फडकं कोंबा. उडालेली सर्क्लिप जगात इतरत्र कुठेही न जाता बरोबर तिथेच जाते.

आता माझी एक चूक. केस नव्यासारख्या दिसाव्यात म्हणून मी एकदा त्या काचेच्या मण्यांनी ब्लास्ट करून आणल्या, गरम पाण्याने धुतल्या, हवा मारली आणि इंजिन जोडलं. मेन बेअरिंगकडे जाणाऱ्या ऑइलच्या बारीक भोकात मणी शिल्लक राहिले होते. चाळीस किलोमीटरमध्ये नवी बेअरिंग दळू लागली. तेव्हापासून केसला फक्त रॉकेल, ब्रश आणि धीर. ब्लास्टिंग करायचंच असेल तर प्रत्येक भोकातून तार घालून, धुऊन, पुन्हा तार घाला. युरोपातल्या काही जुन्या स्पर्धेच्या गाड्यांचे भाग मॅग्नेशियमचे असतात. अशा भागांना आम्लात टाकू नका, आणि ग्राइंडरच्या ठिणग्या त्यांच्या चुऱ्यापासून लांब ठेवा. ती आग पाण्याने विझत नाही, उलट भडकते.

इग्निशनचं थोडक्यात. पॉइंट्स असतील तर ते घासून स्वच्छ करा, फट ०.३ ते ०.४ मिमी ठेवा, मग प्लगच्या भोकात डायल गेज लावून टायमिंग जुळवा. पुस्तकात पिस्टन वरच्या टोकाच्या किती मिलिमीटर आधी पॉइंट्स उघडावेत ते दिलेलं असतं. सीडीआय असेल तर आधी कॉइलचा रोध मोजा. स्पार्क नाही म्हणून सीडीआयचा डबा विकत घेण्याआधी किल स्विचची वायर काढून बघा. अर्धे डबे त्या वायरपायी विनाकारण बदलले जातात.

कार्ब्युरेटर मिकुनीचा गोल स्लाइडवाला असणार. तो पूर्ण खोलून, जमल्यास अल्ट्रासॉनिक टाकीत साफ करा. पायलट जेटच्या भोकात लोखंडी तार घालू नका, भोक मोठं होतं. जुने पितळी जेट धुऊन तेच वापरा. स्वस्त किटमधल्या जेटवरचा नंबर आणि आतलं भोक यांचा संबंध असेलच असं नाही. जेटिंग करताना थ्रॉटलच्या कुठल्या भागावर कोणाचं राज्य आहे ते ध्यानात ठेवा: अगदी सुरुवातीला पायलट, आठव्या ते पाव भागापर्यंत स्लाइडचा कट, पाऊण भागापर्यंत नीडल, पुढे मेन जेट. थ्रॉटलच्या पकडीवर चिकटपट्टी लावून खुणा केल्या की अंदाज चुकत नाही. एअर फिल्टरचा जुना स्पंज न बघताच फेका. तो भुगा होऊन थेट इंजिनात जातो.

ऑइलवर लोक भांडतात, मी भांडत नाही. तुमच्या गाडीत ऑटोल्यूब, म्हणजे इंजिनाला वेगळ्या टाकीतून ऑइल पुरवणारा पंप आहे. यामाहाने तो १९६४ मध्ये आणला, आणि तो सहसा मरत नाही. पण त्याच्यावर विश्वास ठेवायच्या आधी पहिली टाकी ३२:१ मिश्रणावर चालवा, म्हणजे लिटरला साधारण ३० मिली. पंप नळीतली हवा काढून ऑइल ढकलतोय हे डोळ्यांनी बघितल्यावर साधं पेट्रोल. यामाहाच्याच आयटी किंवा सुझुकीच्या पीईसारख्या स्पर्धेच्या एंड्युरोंना पंप नसतोच, त्यांना कायम मिश्रण लागतं. ‘सुरक्षित राहावं’ म्हणून ऑइल दुप्पट ओतू नका. ऑइल वाढलं की त्याच जेटमधून पेट्रोल तेवढं कमी जातं आणि मिश्रण उलट पातळ होतं.

टाकीच्या गंजासाठी मला विजेची पद्धत आवडते. टाकी आधी पेट्रोलच्या वाफेपासून पूर्ण मोकळी करा, वारंवार धुवा. मग पाण्यात लिटरला दहाएक ग्रॅम धुण्याचा सोडा, टाकी चार्जरच्या ऋण टोकाला, आत लोंबता साधा लोखंडी गज धन टोकाला. गज टाकीला टेकता कामा नये. स्टेनलेस स्टीलचा गज नको, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं तयार होतात. हे काम उघड्यावर करा, कारण हायड्रोजन निघतो. एक-दोन दिवसांत गंज चिखलासारखा सुटतो. लगेच वाळवून आतून ऑइल फिरवा, नाहीतर तासाभरात पुन्हा नारिंगी. टाकीला आतून लेप द्यायची घाई करू नका. नीट न बसलेला लेप सालींसारखा सुटून पेट्रोलच्या नळात अडकतो.

सायलेन्सरच्या फुगीर चेंबरला मात्र भाग म्हणून मान द्या. पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या इंजिनिअर वॉल्टर काडेनने १९५० च्या दशकात या आकाराचं गणित बसवलं: बाहेर पडलेली दाबाची लाट शेवटच्या शंकूवरून परतते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलते. १९६१ मध्ये त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पळून सुझुकीकडे गेला आणि ही विद्या जपानला पोचली. तेव्हा आत काजळीचा इंचभर थर असेल तर त्या सगळ्या गणितावर पाणी. पोलादी चेंबरला कॉस्टिक सोड्याचं द्रावण चालतं. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. ॲल्युमिनियमच्या भागांजवळ ते नेऊ नका.

चाकं, फोर्क, स्विंगआर्मचे बुश ही कामं कुठल्याही गाडीसारखीच. फक्त दोन इशारे. जुन्या ब्रेकशूच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ड्रमला हवा न मारता ओल्या फडक्याने पुसा. आणि मोनोशॉकमध्ये दाबाखालचा नायट्रोजन असतो, तो घरी खोलू नका.

पहिल्या दिवशी इंजिन नुसतं गरम होईपर्यंत चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, असं तीनदा. थंड झाल्यावर हेडचे नट ठरलेल्या टॉर्कने पुन्हा तपासा. मग प्लग आणि पिस्टनचा माथा बघा, आणि त्यानंतरच रस्त्यावर न्या. सुरुवातीला सतत एका वेगाने चालवू नका. हेडलाइट वारंवार जळत असेल तर मागचा बल्ब आधी बघा. या साध्या एसी वायरिंगमध्ये एक बल्ब गेला की त्याच्या वाटणीची वीज दुसऱ्यावर येते.

पावडर कोटिंगचा मुद्दा मुद्दामच शेवटी ठेवला. गाडी गंजक्या सांगाड्यावरच जोडा, चालवा, दोन-तीनशे किलोमीटर करा. कुठला कंस तुटलाय, कुठला बोल्ट बसत नाही, कुठे वेल्डिंग लागेल हे तेव्हाच कळतं, आणि ताज्या कोटिंगवर वेल्डिंग करताना जीव जातो. मग सगळं उतरवून सांगाडा द्या. देण्याआधी स्टीकरचे फोटो आणि मापं घ्या, स्टिअरिंगच्या बेअरिंगच्या वाट्या, स्विंगआर्मचं भोक, इंजिन बसायच्या जागा आणि अर्थिंगचा बोल्ट झाकून घ्या. कोटिंगचा थर जाड असतो, या जागांवर बसला की नंतर कानसच हातात. सांगाडा नंबर तर उभं राहूनच झाकून घ्या. तो कोटिंगखाली बुजला तर गाडीची कागदपत्रं दाखवताना पुन्हा खरवडावा लागतो.